आबासाहेबांच्या बाजेपासून यशूला वाचवताना

आमच्या कारखान्याच्या कॉलनीत, कडुलिंबाखालच्या बाजेवर, एक इंग्लिश लॉर्ड बसतो हे माझ्या लक्षात आलं ते एका बिस्किटामुळं.

पुड्यातलं शेवटचं बिस्किट यशूच्या हातात होतं आणि शेजारच्या सिंधुबाईंचा पिंटू दारात उभा होता. मी म्हटलं, "यशू, अर्धं पिंटूला दे. वाटून खावं." यशू तेव्हा साडेपाच वर्षांची. तिनं माझ्याकडे बघितलं. समजूत जरा कमी असलेल्या माणसाकडे बघतात तसं, पण मायेनं. मग म्हणाली, "आई, वाटून खाल्लं की दोघांनाही कमी पडतं."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"आबांनी." आणि बिस्किट संपलं.

आबा म्हणजे आबासाहेब. कारखान्याचे माजी व्हाइस चेअरमन. त्यांचं पॅनेल पडलं त्याला बरीच वर्षं झाली होती, पण पडल्यावर माणूस जसा सुकतो तसे ते सुकले नव्हते. उलट त्यांना तेज चढलं होतं. मुलगा आमच्याच कारखान्यात शेतकी अधिकारी, त्याच्या क्वार्टरमध्ये ते राहायचे. म्हणजे जेवायला आणि झोपायला. बाकी मुक्काम कडुलिंबाखाली. परीटघडीचं धोतर, कानात अत्तराचा फाया, हातात पितळी अडकित्ता. दिवसभर सुपारी कातरायची आणि मधून मधून एक वाक्य टाकायचं. ऐकणारे खाली मातीत बसलेले. अडकित्त्याचा कट्ट आवाज झाला की समजायचं, वाक्य येतंय.

आता लॉर्डचं सांगते. अंबाजोगाईला एम.ए. करताना आम्हाला राणीच्या काळातली एक इंग्रजी कादंबरी होती. त्यात एक लॉर्ड आहे. तो कादंबरीभर काही म्हणजे काही करत नाही. बसतो, सिगारेट ओढतो आणि गोड गोड बोलतो. आणि बागेत ते ऐकत बसलेलं एक देखणं, गुणी पोरगं पार वाया जातं. परीक्षेला प्रश्न आला होता : तो स्वतः काहीच करत नाही, तरी सगळं त्याच्यामुळं होतं, चर्चा करा. मी चर्चा केली होती. पुरवणी जोडून केली होती. पण अशा माणसाशी आपल्या लेकराची गाठ पडली तर आईनं काय करावं, हे ना प्रश्नात होतं ना गाइडात.

त्या वर्षी ऐकणाऱ्यांना तोटा नव्हता. पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून गाळप नाही. कारखान्याची चिमणी थंड, आणि सगळा स्टाफ हात बांधून घरी. आमचे हे लॅब केमिस्ट. साखरेतला दोष नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस, पण माणसातला दोष सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरी यांना दिसायचा नाही. हेही तिथं जाऊन बसायला लागले. एकदा जेवता जेवता स्वतःशीच हसले. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "आबासाहेब म्हणाले, सहकार म्हंजे सगळ्यांनी मिळून एकाचं भलं करायचं, अन् तो एक कोण ह्याच्यासाठी इलेक्शन." आणि परत हसले. ज्या माणसानं लग्नात उखाणा घेताना घाम पुसला, तो भाकरीचा घास हातात धरून सुभाषितं सांगत होता. मला फार भीती वाटली.

भीतीचं आणखी एक कारण होतं, ते म्हणजे हंडा. कॉलनीची बोअर आटली होती. टँकर यायचा तो त्याच्या मर्जीनं, म्हणून बायका पहाटेच हंडे रांगेत लावून घरी जायच्या. माणसाच्या जागी हंडा, हा आमच्याकडचा कायदा. आबासाहेबांच्या घरचा हंडा सगळ्यांत शेवटी लागायचा आणि टँकर येईपर्यंत सगळ्यांत पुढं असायचा. कुणी हलवताना दिसायचं नाही. आबासाहेब तर बाजेवरून उठायचेच नाहीत. मी खिडकीतून पाळत ठेवली. मला वाटलं, पृथ्वीच फिरत असावी.

तर मी ठरवलं, यशूला तिथून काढायचं. नुसतं "जाऊ नको" म्हणून भागणार नव्हतं. तिथं सुपारीचं खांड मिळतं आणि इथं पाढे. म्हणून मी एक साधी गोष्ट योजली. संध्याकाळी, आबासाहेबांचा दरबार भरतो त्याच वेळेला, आपल्या ओट्यावर एक छोटा संस्कार वर्ग. यशू, पिंटू आणि पिंटूची बहीण. एक फळा, एक सतरंजी. बस.

फळ्यावर मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं : नेहमी खरे बोलावे.

पहिल्याच दिवशी सिंधुबाई आल्या. त्यांचे यजमान वजनकाट्यावर क्लार्क, त्यामुळं सिंधुबाई कुठल्याही गोष्टीचं वजन लगेच सांगतात. त्यांनी फळा पाहिला, सतरंजी पाहिली.

"मॅडम, हे असं कसं?"

"कसं म्हणजे?"

"असंच? मोकळंच? संस्था न्हाई केली?"

"तीन मुलांसाठी संस्था कशाला, सिंधुबाई?"

"आवो, संस्था न्हाई तर चेअरमन न्हाई. चेअरमन न्हाई तर इचारायचं कुणाला? उद्या पोरगं पडलं-झडलं तर?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मला व्हाइस चेअरमन केलं तरी चालंल. चेअरमनला सह्या कराव्या लागतात. व्हाइसला निस्ता हार."

बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही. पण आमच्या भागात दूध संस्थेचं, कर्ज संस्थेचं, घर संस्थेचं, साखर संस्थेची. माणूस जन्मतः मोकळा असेल, पण शहाणा झाला की सभासद होतो. माझा वर्ग संस्था नाही म्हटल्यावर कॉलनीत कुजबुज सुरू झाली, की मॅडम एकट्याच खायच्या बेतात आहेत. काय खाणार होते मी? खडू?

त्यात प्रार्थनेचा प्रश्न निघाला. आमच्या घरी वंदना होते, सिंधुबाईंकडे शुभंकरोती, आणि शेख फिटरची शबाना परवापासून येणार होती. प्रत्येक आई येऊन हळूच म्हणायची, "आमचं काई न्हाई, पण..." हे 'पण' तीन दिवस चाललं. शेवटी सर्वानुमते ठरलं की सुरुवातीला पाढे म्हणायचे. पाढ्यांना कुणाच्याच घरून हरकत नव्हती.

अब्रूचा प्रश्न झाला म्हणून मी एस.टी.नं तालुक्याला गेले. तिथल्या ऑफिसात बिभीषणराव नावाचे एक क्लार्क होते. टेबलावर पाण्याची बाटली होती आणि ती त्यांनी मला पाहताच खणात ठेवली. मी त्यांचा राग केला नाही. त्या वर्षी सगळेच तसे झाले होते.

"उद्देश काय संस्थेचा?"

"मुलांवर संस्कार करणे."

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "दूध हाय. पत हाय. घर हाय. शेळी-मेंढी हाय. संस्कार कशातच बसत न्हाईत, बाई."

"मग?"

"मच्छीमारीत बसवू का? तिथं जागा लई रिकामी हाय. औंदा कुणीच आलं न्हाई."

मी बाहेर आले. स्टँडवर उसाच्या रसाचं गुऱ्हाळही बंद होतं. एम.ए. सेकंड क्लास असलेली बाई, अंगावर ठेवणीतली बरी साडी, आणि तिला सरकारनं मासे धरायला सांगितलं होतं. परतीच्या गाडीत मला खिडकीकडं जागा मिळाली, तेवढीच काय ती प्रतिष्ठा.

घरी येऊन पाहते तर यशू बाजेवर. आबासाहेबांच्या शेजारी पाय हलवत.

"या एम्मेबाई," आबासाहेब म्हणाले. "गेलता म्हणं तालुक्याला. जमलं न्हाई ना?"

"आपल्याला कुणी सांगितलं?"

"जमलं असतं तर तुमी चालत आला नसता, तरंगत आला असता." कट्ट. "कावून नवीन संस्था काढता? नवी जन्माला घालायची म्हंजे कळा सोसाव्या लागतात. जुनी मेलेली उठवावी. मेलेल्याला कुणाची मंजुरी लागत न्हाई."

"कुठली मेलेली?"

"आपलं कॉलनीचं महिला मंडळ. मंत्री आलते तवा काढलं होतं, ओवाळायला. शिक्का हाय, बोर्ड हाय. आमच्या घरी माळ्यावर पडलंय सगळं."

इथं मी थांबायला हवं होतं, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल. कादंबरीतल्या त्या गुणी पोरालाही बागेतून उठून जाता आलं असतं. पण त्याला काय, त्याला सिंधुबाई नव्हत्या. मी विचार केला, शिक्का त्यांचा असला तरी वर्ग माझा आहे. ज्या माणसापासून मुलीला वाचवायचं त्याच्याच माळ्यावरून मी मंडळाचा बोर्ड उतरवून आणला, पुसला, आणि ओट्यावर लावला. सिंधुबाई व्हाइस चेअरमन झाल्या. हार त्यांनी स्वतःच आणला.

दोन-तीन दिवसांनी आबासाहेबांनी मला बाजेवरूनच हाक मारली.

"एम्मेबाई, एक इचारू? पोरं पाणी कुठलं पितात तुमच्या वर्गात?"

"आपापल्या घरचं आणतात."

"हं." कट्ट. "लेकरांच्या नावानं पाणी मागितलं तर सरकारला न्हाई म्हणता येत न्हाई. मंडळाची बालवाडी म्हणून अर्ज केला तर सवता टँकर मिळतो म्हणं. मी आपलं ऐकलं."

"आबासाहेब, चार मुलांसाठी टँकर?"

"चार कोण म्हणलं? मी म्हणलो का? तुमी म्हणला." ते आकाशाकडं बघायला लागले. "ह्या कॉलनीत, मागल्या वस्तीत, शिवारात मिळून लेकरं किती असतील?"

"असतील साठेक."

"मग खरं ते लिहा की. साठ लेकरं येतात म्हणून लिहू नका, ते खोटं होईल. साठ लेकरं हायेत म्हणून लिहा. हायेत का न्हाईत?"

आहेत. ती होतीच. मी त्या रात्री झोपले नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी चांगली झोपले. यशूला गेल्या महिन्यात गढूळ पाण्यानं जुलाब झाले होते. तिचे खोल गेलेले डोळे मी विसरले नव्हते. उकळायचं म्हटलं तरी आधी पाणी लागतं. सकाळी मी अर्ज लिहिला. साठ बालके आहेत. शिक्का मारला. आणि टँकरच्या रांगेत हंडा लावायला गेले तेव्हा आबासाहेबांचा हंडा शेवटी दिसला. म्हातारा माणूस, आपल्यासाठी एवढं करतो. मी इकडं तिकडं बघितलं आणि तो जरासा पुढं सरकवला.

सरकवताना माझ्या लक्षात आलं की पृथ्वी फिरत नव्हती. आम्ही सगळ्याच जणी फिरवत होतो.

अर्जाचं उत्तर आलं. पाहणीला विस्तार अधिकारी सर्जेराव साहेब येणार, बालवाडी प्रत्यक्ष भरलेली बघणार, मग मंजुरी.

आता मुलं 'आहेत' हे खरं असलं तरी ती सतरंजीवर नव्हती. मागच्या वस्तीतले आई-बाप ऊसतोडीला पार कोल्हापूरकडं गेलेले, मुलं आजी-आजोबांकडं. मी वस्तीवर गेले. भामाबाई म्हणून एक आजी तिथं सगळ्यांच्या नातवंडांची मुकादम होती.

"पोरं पायजेत? किती येळ?"

"साहेब येऊन जाईपर्यंत."

"अन् टँकर आला तर आमाला पाणी?"

"हो, हो. सगळ्यांना."

"मग शेळ्याबी येतील. पोरं शेळ्या सोडून येत न्हाईत."

आली. सकाळी सकाळी भामाबाई पुढं, मागं मुलांचा तांडा, त्यामागं शेळ्या. कुणाचे केस तेलानं चापून बसवलेले, कुणाच्या अंगात थोरल्याचा सदरा गुडघ्यापर्यंत. एक जण तर ओट्यावर उकिडवा बसून गंभीरपणे माझ्याकडं बघत होता आणि त्याला मिसरूड फुटलेलं होतं.

"भामाबाई, हा बालवाडीत?"

"रामहरी व्हय? त्यो मॅट्रिकला बसलता. गणती भरायची म्हणून आणला. वाकून बसंल."

रामहरी वाकून बसला. सिंधुबाईंनी हार घातला, साहेबांना नव्हे, स्वतःला, सवय व्हावी म्हणून. यांना मी शेळ्या धरायला उभं केलं. आबासाहेब बाजेवरच होते. त्यांनी काहीच केलं नाही.

आणि मी? मी सगळ्यांना ओळीत बसवून शिकवत होते. "साहेबांनी विचारलं, रोज येता का? तर काय म्हणायचं?"

"होऽऽऽ!"

"आणखी एकदा."

"होऽऽऽ!" शेळ्यासुद्धा.

यशू पहिल्या रांगेत होती. तिनं हात वर केला. "आई, पण हे रोज येत नाहीत."

"आज आलेत ना?"

"रोज?"

"उद्यापासून येणार आहेत. म्हणजे रोजच झालं."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागच्या फळ्याकडं बघितलं. नेहमी खरे बोलावे. माझंच अक्षर. पुसायला फडकं शोधलं तर ते एका पोरानं डोक्याला बांधलेलं. तेवढ्यात जीप आली.

सर्जेराव साहेब चांगल्या स्वभावाचे, दमलेले गृहस्थ होते. रोज सुकलेल्या विहिरी बघत फिरणाऱ्या माणसाला मुलं दिसली की बरं वाटतं. ते नेमके फळ्याखाली खुर्चीत बसले. मुलांनी पाढे म्हटले. वस्तीतल्या मुलांना पाढे येत नव्हते पण आवाज येत होता, तेवढ्यावर निभावलं. रामहरी पाठ पूर्ण वाकवून सव्वीसचा पाढा एकटाच म्हणत होता. त्याला थांबवावं लागलं.

"वा, वा. रोज येता का रे?"

"होऽऽऽ!"

साहेब उठले. माझ्या जिवात जीव आला. आणि जाता जाता, सहज, त्यांनी यशूच्या गालाला हात लावला. "काय शिकवतात गं बाई तुम्हाला?"

यशू उभी राहिली. हात मागं बांधले. मी शिकवलंय तसंच, ताठ.

"आम्हाला पाढे शिकवतात. आणि खरं बोलायला शिकवतात. पण रोज आम्ही चौघंच असतो. ही मुलं आजच आली. आईनी वस्तीवरून आणली. आईनी सांगितलं, रोज येतो म्हणा. तो दादा मॅट्रिकला बसला होता. आणि या शेळ्या आमच्या नाहीत."

सिंधुबाईंचा हात हाराकडं गेला. त्यांनी तो काढून पाठीमागं धरला. यांनी हातातल्या दोन्ही शेळ्या सोडून दिल्या. माझ्या पायाखालची सतरंजी हलली, ती रामहरीनं सरळ होताना ओढली म्हणून असेल. माझ्या डोळ्यांपुढं सगळं येऊन गेलं : टँकर, कॉलनी, यांची नोकरी, माझी एम.ए.ची डिग्री. आणि एवढ्या सगळ्यात, कबूल करायला हरकत नाही, मला यशूचा राग आला. खरं बोलल्याचा राग. ज्या गोष्टीसाठी मी हा सगळा खटाटोप मांडला होता, ती माझ्यासमोर हात मागं बांधून उभी होती आणि मला तिला एक चापट द्यावीशी वाटत होती.

सर्जेराव साहेब यशूकडं बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग पोट. आणि ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"बाई! बाई! काय नाट्यछटा बसवलीय! आणि ते शेळ्यांचं शेवटचं वाक्य... अहो, एवढ्याशा लेकराची काय फेक आहे! वाजवा टाळ्या!"

त्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून ड्रायव्हरनं वाजवल्या, म्हणून सिंधुबाईंनी, म्हणून साठ मुलांनी. यशू एकटी हात मागं बांधून उभी.

"कुणी लिहिलीय?" साहेबांनी विचारलं.

उत्तर द्यायला मला किती वेळ लागला असेल? काहीच नाही.

"मी," मी म्हटलं. "मीच लिहिलीय." आणि देवाशप्पथ, वर जराशी लाजले.

टँकर मंजूर झाला. साहेब जीपमध्ये बसताना म्हणाले की तालुक्याच्या बालमेळाव्यात ही नाट्यछटा झालीच पाहिजे, मोठे साहेब येणार आहेत. जीपची धूळ बसली तसं आमचे हे जवळ आले. "तू लिहिलीस?" त्यांनी खरंच कौतुकानं विचारलं. "मला बोलली नाहीस." साखरेखेरीज यांना काही कळत नाही ते मी आधी सांगितलंच आहे.

यशू मात्र माझा पदर धरून उभी होती. "आई, मी खरं बोलले ना?"

"हो, बाळा."

"मग ते हसले कावून?"

कडुलिंबाखाली अडकित्ता वाजला. "मी सांगितलं न्हवतं का तुला, यशूताई?" आबासाहेब म्हणाले. "खरं बिनघोर बोलावं. कुणी धरत न्हाई. लई झालं तर टाळ्या पडतात."

म्हणजे हे बळही तिला तिथूनच मिळालं होतं. माझ्या सुंदर अक्षरातल्या फळ्याला त्यात वाटाच नव्हता. अपमान किती बाजूंनी करून घ्यावा याला काही मर्यादा असते, पण त्या दिवशी मला ती सापडली नाही.

पुढं जे झालं ते मी पाप फेडणं म्हणते, सिंधुबाई संस्थेची भरभराट म्हणतात. टँकर बालवाडीच्या नावानं आल्यामुळं पाणी बालवाडीत येणाऱ्या मुलांच्या घरीच, असा भामाबाईंनी परस्पर नियम करून टाकला. दुसऱ्या दिवसापासून साठच्या साठ मुलं खरोखर हजर. शेळ्यांसकट. तीन पोरांचा वर्ग काढायला निघालेली मी, रोज संध्याकाळी साठ नाकं पुसत, आवाज बसेस्तोवर पाढे ओरडत उभी. रामहरीला मी मदतीला घेतलं. तो आता ताठ बसायचा. आबासाहेबांचा दरबार ओस पडला, कारण दरबारी मंडळींना मी पोरं आवरायला लावलं. कंटाळून आबासाहेब स्वतःच बाज उचलायला लावून ओट्याजवळ आले आणि मागच्या रांगेत बसून सुपारी कातरायला लागले. ज्याच्यापासून पळ काढला तो माणूस त्या दिवसापासून माझ्या वर्गात एकही खाडा न करणारा एकमेव विद्यार्थी ठरला.

मग मेळाव्याचं बोलावणं आलं. मी यशूसाठी परकर-पोलकं शिवून घेतलं. आदल्या दिवशी तिला समोर उभी केली. "हं, म्हण बघू. तेच. साहेबांपुढं म्हटलं होतंस ते."

"नाही म्हणणार."

"का गं? सगळे टाळ्या वाजवतील."

"आता ते खोटं आहे," यशू म्हणाली. "आता सगळी रोज येतात. तेव्हा नव्हती येत. आता म्हटलं तर खोटं होईल."

मी तिच्याकडं बघत राहिले. सुपारीची खांडं चघळून, बाजेवर पाय हलवत, ते सगळं ऐकून, ही मुलगी अशी. कुठून आली कोण जाणे. मी तिला जवळ घेतलं, तेल लावलेल्या डोक्याचा वास घेतला, आणि मला वाटलं जिंकले मी. वाचली माझी पोर. डोळे भरून आले. मग तसेच भरलेले डोळे पुसले, कागद घेतला आणि सर्जेराव साहेबांना कळवलं की कु. यशोधरा हिला गोवर निघाल्यामुळे ती मेळाव्यास येऊ शकत नाही.

"आई, गोवर म्हणजे काय?" यशूनं विचारलं.

"काही नाही. जा, खेळ."

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण मागच्या आठवड्यात कॉलनीत नवे टाइमकीपर आले, विठ्ठलराव. त्यांची बायको बी.एस्सी. झालेली, सडपातळ, डोळे सारखे मुलावर. मुलगा चार वर्षांचा, गोरापान, गुणी. टँकरच्या रांगेत ती माझ्याशेजारी उभी राहिली.

"संस्कार वर्ग तुम्हीच घेता ना, मॅडम? याला घालायचं होतं. काय काय शिकवता?"

माझं लक्ष हंड्याकडं होतं. आबासाहेबांचा होता तिथून पुढं ढकलत मी बोलून गेले, "पाढे. आणि खरं बोलायला. म्हणजे पुढं खोटं बोलताना निदान फरक तरी कळतो."

मागं बाजेवरचा अडकित्ता थांबला. "वा, एम्मेबाई," आबासाहेब हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात एखाद्या म्हाताऱ्या पैलवानानं तालमीतल्या पोराला द्यावी तशी दाद होती. आणि मला, लाज वाटण्याच्या आधी, बरं वाटलं.

त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. मुलाचा हात धरला, त्याला माझ्या बाजूनं काढून आपल्या पलीकडं उभा केला. ती नजर मी चांगली ओळखते. खिडकीतून कडुलिंबाकडं बघताना वर्षभर माझीच होती.

काल सिंधुबाई धापा टाकत आल्या. "मॅडम, ऐकलं का? ती नवी टाइमकीपरची बाई हाय ना, ती कॉलनीच्या त्या टोकाला नवा वर्ग काढतीया. म्हणती, लेकरू इकडं पाठवायचं न्हाई."

"काढू दे की."

"पर लोकं म्हणाले, संस्था न्हाई तर पोरं कशी पाठवावी? मग तालुक्याला गेलती बिचारी. त्यांनी मच्छीमारीत जागा हाय म्हणून सांगितलं." सिंधुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आता रडवेली झाली. मी म्हणलं, अर्ज-बिर्ज कसं करायचं ते आमच्या मॅडमला सगळं ठावं हाय. संध्याकाळी येणार हाय तुमच्याकडं, इचारायला."

मी यशूला आत पाठवलं. ओटा झाडला, सतरंजी घातली. आणि आबासाहेबांकडून थोडी सुपारी मागून घेऊन, वाट बघत बसले.